जावयाच्या पसंतीचे टायर

माझ्या माहेरी जावई चुकत नाही. म्हणजे चुकतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धडधडीत चुकतो, पण तसं बोलायची पद्धत नाही. आमचं माहेर कोलशेतचं, आगरी. जावई दारात आला की घरातला सगळ्यात जोरात फिरणारा पंखा त्याच्या डोक्यावर, मऊ खुर्ची त्याच्या बुडाखाली आणि जिताडा माशाचं डोकं त्याच्या ताटात. माझा नवरा मूळचा साताऱ्याकडचा. त्याला काटे काढता येत नाहीत. लग्न झाल्यापासून तो ते डोकं भाताखाली लपवतो, आणि आई सगळ्या गोतावळ्यात सांगत फिरते, "आमचं जावय काय चवीनं खातान गं!" एकदा मी भात बाजूला करून दाखवायला निघालेले, तर आईने माझ्याच हातावर चापट मारली.

हे सगळं मला पाठ होतं. तरी होडीच्या ट्रेलरचे टायर बदलायला एवढा तमाशा होईल असं कधी वाटलं नव्हतं.

होडी बाबांची. लाकडी, वरून फायबरचा थर दिलेली, पुढची नाळ उंच आणि निमुळती. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, जे पाणी कापत जातं. नारळी पुनवेला हळदकुंकू, हार, नारळ, सगळा मान त्या नाळेचा. आमचं शेत होतं तिथे आता टॉवर आहे, टॉवरात आमच्या सगळ्या भाऊबंदांचे फ्लॅट आहेत आणि टॉवरच्या पोटातल्या पार्किंगमध्ये एका ट्रेलरवर बाबांची होडी. ट्रेलर कोलशेतच्याच एका वेल्डिंगवाल्याने जुन्या जीपच्या अॅक्सलवर बांधून दिलेला. दर वर्षी पुनवेला बाबा तो गाडीमागे जोडून खाडीवर न्यायचे आणि होडी पाण्यात सोडायचे. मधे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि होडी जागची हलली नाही. एका जागी उभं राहून राहून ट्रेलरच्या टायरना भेगा पडल्या, हवा गेली, आणि होडी बिचारी रिमवर बसली.

तेवढ्यात सोसायटीची नोटीस लागली. पार्किंगमधली नादुरुस्त वाहनं हलवा, नाहीतर भंगारवाल्याला देणार. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर. आवाज मऊ, नियम कडक. बाबा त्यांना भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "काका, माझा होडीवर काहीच राग नाही. पण जे चालतं ते वाहन, जे चालत नाही ते भंगार. पुढच्या आठवड्यात रविवारी आपली होडी स्वतःच्या चाकांवर जागेवरून निघाली, रॅम्प चढून गेटपर्यंत गेली आणि परत आली, तर राहील. नाही गेली तर सोमवारी भंगारवाला येणारच आहे." ज्या जमिनीवर तो गृहस्थ उभा राहून हे बोलत होता तिथे माझ्या आजीने भात लावलेला. पण हे बोलून दाखवायचीही आमच्यात पद्धत नाही. बाबा म्हणाले, "बरा," आणि वर आले.

नारळी पुनव त्या रविवारनंतर लगेचच होती. बाबांनी घरात एकच वाक्य सांगितलं. "या पुनवेला होरी पान्यान जाल." होरी म्हणजे होडी. बाबा फार बोलणारे नव्हेत, म्हणून ते एकदा बोलले की घरात सगळे हलतात.

आता टायर निवडायचे. इथे माझी थोडी माहिती द्यायला हवी. मी भिवंडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात काम करते. कुठल्या ट्रकला कुठला टायर, कधी बदलायचा, कुठला परत पाठवायचा, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. टायरवाले मला दिवाळीला मिठाई पाठवतात. माझा नवरा विमा कंपनीत आहे. त्याच्या स्कूटरच्या चाकात हवा भरायची असली तरी तो मला म्हणतो, "जाता जाता बघशील का?" तर बाबांनी फोन कुणाला करावा? बरोबर ओळखलंत. "जावयबापू, होरीच्या गारीला टायर घेयाचे हान. तुमी येवून पसंत करा."

फोन ठेवून नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांग ना, मला यातलं कळत नाही, तुमच्या मुलीला विचारा." तो म्हणाला, "अगं, एवढ्या विश्वासाने विचारलंय. नाही कसं म्हणू?" आणि त्या रात्रीपासून टायरचे व्हिडिओ बघायला बसला. वाळवंटात उड्या मारणाऱ्या गाड्या, चिखल उडवणाऱ्या गाड्या. जेवताना मला सांगायला लागला, "टायरची पकड फार महत्त्वाची असते." मी म्हटलं, ट्रेलर वर्षातून एकदा अर्धा किलोमीटर जाणार, तेही सरळ रस्त्याने. त्याला काय हिमालय चढायचाय? पण साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं होतं, खाली उतरायला तयार नव्हते.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी, शनिवारी, आम्ही डोंबिवलीहून निघालो. माणकोलीचा पूल झाल्यापासून नवरा दर वेळी "बघ, किती वेळ वाचतो!" म्हणतो आणि वाचलेला वेळ माजिवड्याच्या सिग्नलवर घालवतो. तिथेच एका टायरच्या दुकानात बाबा आणि माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, आधीच येऊन बसलेले. बाबांनी पांढरा सदरा घातलेला आणि पायाशी एक गोणपाट. गोणपाटात ट्रेलरचा एक जुना टायर. नमुन्याला आणलेला, स्वच्छ धुवून.

दुकानदाराने तो टायर उलटासुलटा केला आणि म्हणाला, "जीपचा आहे. ट्यूबवाला. सेम आहे माझ्याकडे, देऊ?"

विषय तिथे संपत होता हो! दोन मिनिटांचं काम. पण बाबा "हो" म्हणाले नाहीत. ते हसले आणि माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. दादाही बघायला लागला. मग दुकानदाराच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक कोण आहे, आणि तोही बघायला लागला. माझ्या नवऱ्याने त्या टायरला बोटाने टिचकी मारली, आंबा बघावा तशी. म्हणाला, "नाही, हे फार जुनं झालं. आता सगळं ट्यूबलेस आलंय. आणि जरा रुंद बघू या. पकड हवी."

दुकानदाराचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! तो आत गेला आणि मोठ्या एसयूव्हीला लावतात तसे दोन धिप्पाड टायर गडगडत घेऊन आला. जुन्या रिमवर ते बसणार नव्हते, म्हणून चकाकत्या अलॉयच्या दोन रिमही आल्या. "साहेबांची चॉइस एकदम हटके आहे," म्हणाला. मेल्या, तुझी चॉइस हटके आहे!

मी म्हटलं, "अहो, हा ट्रेलर वर्षभर उभा राहणार. उभ्या उभ्या ट्यूबलेसची हवा गेली तर पायपंपाने परत भरता यायची नाही. आणि हे आहेत किती मोठे! मडगार्डला घासतील. उंचीसुद्धा..."

"तू गप गं," बाबा म्हणाले. मऊ आवाजात, पण म्हणाले. "जावय बोलतान ना."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. दादा टायरवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊजी, लुक बघा ना लुक!" बाबांनी नमुन्याचा टायर परत गोणपाटात घातला आणि त्याचं तोंड सुतळीने बांधलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली, पण तिथे काढायची कुणावर?

घरी पोचेपर्यंत आईने पूजेची तयारी करून ठेवलेली. नवीन गाडी आली की आमच्याकडे पूजा होते, मग नवीन टायरची का नको? पार्किंगमध्ये पाट मांडून दोन टायर बसवले, त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, आणि नारळ फोडायला माझ्या नवऱ्यालाच पुढे केलं. तिसऱ्या फटक्याला फुटला. "एका दमात फोरला," असं आईने वर जाऊन काकूंना सांगितलं. पूजा झाली तिथेच माझ्या लक्षात आलं की आता हे टायर परत देण्याचा रस्ताही बंद झाला. जावयाच्या हातून पूजा झालेली वस्तू दुकानात परत नेली, असं कोलशेतमध्ये अजून कुणी केलेलं नाही.

मग दादा आणि त्याचे मित्र जॅक लावून टायर चढवायला बसले. चढवले, आणि जॅकवरच चाक फिरवून बघितलं, तर खर्रर्र. टायर मडगार्डला घासत होता. मी म्हटलं, "बघा!" पण बघतंय कोण? माझ्या माहेरच्या माणसांची बुद्धी त्या दिवशी मी नव्याने ओळखली. एकाही माणसाच्या तोंडून "टायर मोठा आहे" हे तीन शब्द निघाले नाहीत. सगळे मडगार्डलाच शिव्या घालायला लागले. "वेल्डिंगवाल्याने मडगार्ड जाम अरुंद बनवलाय," दादा म्हणाला. "तेव्हाच बोललेलो मी." कधी बोललेला? कुणाला? ग्राइंडर आला, ठिणग्या उडाल्या आणि मडगार्डचे दोन्ही कान कापून टाकले. नवरा बाजूला उभा राहून मान डोलवत होता. मला वाटतं तोपर्यंत त्याचाही विश्वास बसलेला की चूक मडगार्डचीच आहे.

आठवडाभर मी डोंबिवलीत धुसफुसत होते. ऑफिसात टायरवाल्याचा फोन आला तर त्याच्यावरच डाफरले. नवऱ्याला म्हटलं, "अजून वेळ गेलेली नाही, बाबांना सांग की चूक झाली." तो म्हणाला, "त्यांना आवडलेत ते. बाबा स्वतः म्हणाले, झकास हान." मी म्हटलं, "अरे, तू जिताड्याचं डोकं लपवतोस तेव्हाही ते झकासच म्हणतात!" त्यावर तो जरा विचारात पडला, पण तेवढ्यापुरताच.

परीक्षा रविवारी. म्हणून शनिवारी दुपारी रंगीत तालीम ठेवली. ट्रेलरखाली टेकू म्हणून ठेवलेली लाकडं काढली, होडी पहिल्यांदाच नव्या चाकांवर उभी राहिली, आणि एवढी उंच दिसली की बाबाही क्षणभर मान वर करून बघतच राहिले. पार्किंगमधून बाहेर पडायला एक रॅम्प आहे. रॅम्पच्या तोंडाशी वर सिमेंटचा बीम. जुन्या टायरवर होडी त्या बीमखालून दोन बोटं राखून जायची. आता दादा आणि मित्रांनी ट्रेलर ढकलत नेला, पुढचा भाग रॅम्पवर चढला, आणि नाळ खट्टकन बीमला लागली.

सगळे थांबले. मी हाताची घडी घातली आणि म्हटलं, आता तरी बोला.

"बीम खाली आलाय," दादा म्हणाला.

डोंबल खाली आलाय! पण त्याच्या मित्रांनी माना हलवल्या. हो, बिल्डरचं काम असंच असतं, एकाने तर बीमचा टवका काढायची तयारी दाखवली. सेक्रेटरी वरून हे ऐकत असावेत, कारण ते चपला न घालताच खाली धावले. "बीमला हात लावायचा नाही! आठ मजले आहेत त्याच्यावर!" मग ट्रेलरचा दांडा खाली दाबून नाळ उतरवायचा प्रयत्न झाला, तर दांड्याचं टोक रॅम्पवर घासायला लागलं. मग कुणीतरी म्हणालं, टायरची हवा काढू, ट्रेलर खाली बसेल. मी ओरडले, "ट्यूबलेस आहेत, एवढ्या वजनाखाली हवा काढलीत तर रिम सोडतील!" माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. हवा काढली. ट्रेलर खाली बसला, जोर लावून ढकलला, आणि डावा टायर फतकन रिममधून निसटून आडवा झाला. पायपंपाने मारा हवा आता! हवा एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. शेवटी टेम्पोत कॉम्प्रेसर घालून पंक्चरवाला आणला तेव्हा कुठे ते दोन धिप्पाड परत फुगले, आणि होडी होती तिथेच आली. बीमखाली, चार बोटं जास्त उंच.

संध्याकाळ व्हायला आलेली. उद्या सकाळी परीक्षा. माणसं घामाने निथळत होती, आणि आई जावयासाठी लिंबू सरबत घेऊन आलेली. तेव्हा दादाने होडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, नाळच थोडी उतरवूया."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने हाताने वीत दाखवली. "एवढीच. वरचं टोक. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावतो. वरून पट्टी मारून रंग दिला की समजणार पण नाय."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता फुटतील. आता तरी. ज्या नाळेला हा माणूस हळदकुंकू लावल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही, तिच्यावर ग्राइंडर? बाबा हळूहळू पुढे गेले. नाळेवर हात ठेवून उभे राहिले. हात काढला, आणि माझ्या नवऱ्याकडे वळले.

"जावयबापू," ते म्हणाले, "तुमी बोललाव तर कापू."

"बाबा!" मी किंचाळले.

"तू गप," बाबा म्हणाले.

दादाने वायर खांबावरच्या बोर्डात खुपसली. ग्राइंडर घोंगावला. माझ्या नवऱ्याने हातातला सरबताचा ग्लास खाली ठेवला. मग तो एकदम ओरडला. लग्नानंतर मी त्याचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"बंद करा ते! थांबा! मला टायरमधलं ओ की ठो कळत नाही! मी मोबाइलवर बघून बोललो. हे टायर चूक आहेत. चूक माझी आहे. होडीला हात लावू नका!"

ग्राइंडर थांबला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. वर्षानुवर्षांचं भूत उतरलं.

आईने पदराने डोळे पुसले. "बगा," ती म्हणाली, "किती मोठं मन! सगळा दोष आपल्यावं घेतला."

"मानलं भाऊजी," दादा म्हणाला.

सेक्रेटरीसुद्धा पुढे झाले. "हल्ली असा मोठेपणा दुर्मिळ आहे," म्हणाले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याशी हात मिळवला. नवरा बिचारा कळवळून सांगत होता, "अहो, खरंच मला कळत नाही!" आणि जितकं तो सांगत होता तितके सगळे त्याला जास्तच नम्र ठरवत होते. मला हसावं की रडावं ते समजेना. मी त्याचा दंड धरला आणि त्याला खांबामागे ओढला.

"ऐक," मी म्हटलं. "मी सांगते ते बाहेर जाऊन बोल. एक शब्द इकडेतिकडे करू नकोस."

तो बाहेर गेला, घसा साफ केला आणि बोलला, "नमुन्याला आणला होता तसाच जीपचा टायर घ्यायचा. अरुंद. ट्यूबवाला. जुन्याच रिमवर."

"वा!" दादा म्हणाला. "हे सुचायला पायजे!"

नशिबाने जुन्या रिम अजून त्याच्या डिकीत होत्या, भंगारात द्यायला ठेवलेल्या. तो गोणपाटातला टायर आणि त्या रिम घेऊन तो माजिवड्याला सुटला आणि दिवे लागायच्या सुमारास साधे, काळे, मुकाट टायर बसवून घेऊन आला. पूजा झालेले ते धिप्पाड त्याने स्वतःच्या गाडीला मागे लावले. पुढचे दोन एका नक्षीचे, मागचे दोन दुसऱ्या, पण भाऊजींच्या हातचे आहेत म्हणून तो सगळ्यांना दाखवतो.

रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि कमिटीची तीन माणसं रॅम्पशी येऊन उभी राहिली. होडी जागेवरून निघाली. बीमखालून नाळ दोन बोटं राखून गेली. होडी गेटपर्यंत गेली, वळली, परत आली. सेक्रेटरींनी मागून पुढून चालत सगळं बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "वाहन चालू आहे." आईने माझ्या नवऱ्याची दृष्ट काढली.

पुनवेला आम्ही होडी खाडीवर नेली. गावातल्या चार घरांच्या होड्या आलेल्या, रंगवलेल्या, पताका लावलेल्या. नाळेला हार घातला, हळदकुंकू लावलं. पाण्यात नारळ सोडायचा मानही जावयाचाच. माझ्या नवऱ्याने तो असा काही जपून सोडला की जणू तो फुटणार होता. मग ट्रेलर उताराने पाण्यात घातला, होडी हलली, तरंगली, आणि बाबा ऑपरेशन झालेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत चढले. मागोमाग जावयांना चढवलं. त्यांच्यासाठी आईने घरून उशी पाठवलेली, ती पाठीशी लावली. मला कुणी बोलावलं नाही. मी आपली चढले.

किनारा जरा लांब गेला. बाबा वल्हं मारत होते, सावकाश, आणि त्यांचं तोंड असं काही शांत झालेलं की मला त्यांच्यावरचा सगळा राग विसरायला होत होतं. पाण्याला वास होता, लांबवर टॉवरच टॉवर होते, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. माझा नवरा नाळेवरच्या हाराकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा, एक विचारू? ते टायर चुकीचे आहेत हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुकानान," बाबा म्हणाले. "तुमी टिचकी मारली तवाच."

"मग बोलला का नाहीत? होडी भंगारात गेली असती. नाळ कापायला निघाला होतात तुम्ही!"

बाबांनी वल्हं पाण्याबाहेर काढलं. पाणी निथळू दिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्याच्याकडेच बघत होते.

"होरी दुसरी बांधता येल, जावयबापू," ते म्हणाले. "माजी पोर तुमच्या घरान हाय."

इतकी वर्षं मी ज्या चाकरीला हसत आले, ज्याच्यावर चिडत आले, तो पंखा, ती खुर्ची, ते जिताड्याचं डोकं, ते सगळं माझ्यासाठी चाललेलं. डोंबिवलीचं ते घर दोघांच्या नावावर आहे. त्या घरात माझा शब्द चालतो, हे आमचा शेजारीसुद्धा सांगेल. या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. आणि माझा बाप रोज सकाळी उठून अजून भीतच होता. मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

"बाबा," मी म्हटलं, "ते घर माझंपण आहे."

"हो गं बाय, तुजाच हाय," बाबा म्हणाले, आणि पुढे वाकून त्यांनी जावयाच्या पाठीमागची उशी सारखी केली.